आर. ई. एम. आणि अस्मादिक

वाद घालायला विषय लागतो, ही कुणीतरी उठवलेली अफवा आहे. वादाला माणसे लागतात, आणि तीही फार नकोत. दोन पुरतात. विषय आपला आपण येऊन मध्ये बसतो, जेवायला बसलेल्या माणसांमध्ये मांजर येऊन बसते तसा.

आम्ही पूर्वी सदाशिव पेठेत राहत होतो तेव्हा दर रविवारी सकाळी एका मित्राच्या माडीवर आम्ही चौघे जमत असू. वरवर पाहता गाणे ऐकायला. मित्राकडे वडिलांच्या वेळचा चावीचा ग्रामोफोन होता आणि ७८च्या तबकड्यांची चळत होती. एक तबकडी तीन-साडेतीन मिनिटे वाजायची आणि तिच्यावरचा वाद तीन-साडेतीन तास. बालगंधर्वांच्या एका पदाला साथीला तबल्यावर थिरकवाँसाहेब आहेत की दुसरे कुणी आहेत, या मुद्द्यावर आमच्यातल्या दोघांनी १९७१ साली एकमेकांशी बोलणे टाकले. ते पुन्हा बोलले १९८४ साली, एकाच्या मुलीच्या लग्नात, अक्षता टाकताना. बोलले तेही एवढेच : “थिरकवाँच आहेत.” पलीकडच्याने “शुभमंगल सावधान” म्हटले आणि विषय मिटला असे वऱ्हाडी मंडळींना वाटले. आम्हाला तसे वाटले नाही.

हे सर्व सांगायचे कारण असे की, जगात असा वेडेपणा फक्त आम्हीच करतो असा माझा पक्का समज होता, आणि मला त्याचा अभिमानही होता. तो २०२४ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, चिरंजीवांच्या दिवाणखान्यात, एका संध्याकाळी धुळीला मिळाला.

चिरंजीव अटलांटाजवळ राहतात. आम्ही उभयता दर दोन-तीन वर्षांनी तिकडे जातो, नातवंडांना ‘पाणी’तला ‘ण’ शिकवतो आणि परत येतो. त्या खेपेस आम्ही पोचून आठवडा झाला असेल नसेल, तोच एका सकाळी चिरंजीव हातातला फोन नाचवीत स्वयंपाकघरात आले. “आई, चौघं एकत्र आले! चौघं!”

आमच्या हिला वाटले, नातवंडांच्या शाळेतले काही असेल. “मग बसव त्यांना. मी पोहे टाकते,” ती म्हणाली.

चौघे म्हणजे आर. ई. एम. हे नाव मी प्रथम १९९१ साली ऐकले तेव्हा मला तो पाटबंधारे खात्यातला एखादा हुद्दा वाटला होता. तो एक रॉक संगीताचा ताफा निघाला. मायकेल स्टाइप गाणारा, पीटर बक गिटारवाला, माइक मिल्स बेस गिटारवाला आणि बिल बेरी ड्रमवाला. गाव अथेन्स, ग्रीसमधले नव्हे, जॉर्जियातले. १९८० साली एकत्र आले, १९९७ साली बेरी सोडून गेले, उरलेल्या तिघांनी २०११ साली दुकान बंद केले. आणि आता १३ जून २०२४ रोजी न्यू यॉर्कला, गीतकारांच्या एका सन्मानसोहळ्यात, चौघांनी मिळून एक गाणे म्हटले होते. एकच गाणे. तेवढ्यावर आमचे अठ्ठेचाळीस वर्षांचे चिरंजीव सोळा वर्षांचे झाले होते.

“शनिवारी मित्रांना बोलावलंय,” ते म्हणाले. “बाबा, तुम्हाला आवाजाचा त्रास होईल. हवं तर वरच्या खोलीत बसा.”

आता ‘हवं तर वरच्या खोलीत बसा’ हे वाक्य ऐकून वरच्या खोलीत बसणारा म्हातारा अजून जन्मायचा आहे. मी शनिवारी संध्याकाळी पाच वाजताच दिवाणखान्यातली मोक्याची खुर्ची धरली.

तिघे आले. एक दाढीवाला अमेरिकन, एक टोपीवाला अमेरिकन आणि एक आमच्या सांगलीचा डॉक्टर. डॉक्टरने आल्या आल्या वाकून नमस्कार केला, “काका, बरे आहात ना?” म्हणून विचारले आणि पुढचे तीन तास माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. (हे संभाषण बहुतेक इंग्रजीत झाले. मी ते पेठेतल्या मराठीत देतो आहे. त्याने अर्थ बदलत नाही, फक्त धार येते.)

पाणी पिऊन होण्याआधीच तोंड लागले. या मंडळींचे पहिले गाणे ‘रेडिओ फ्री युरोप’. ते १९८१ साली हिब-टोन नावाच्या चिमुकल्या कंपनीने काढले. मिच ईस्टर नावाच्या गृहस्थाने आईवडिलांच्या घराच्या गॅरेजात स्टुडिओ थाटला होता, तिथे ते ध्वनिमुद्रित झाले. पुढे मोठी कंपनी मिळाली, तिने ते पुन्हा गाऊन घेतले आणि १९८३ सालच्या ‘मर्मर’ या अल्बमात घातले. म्हणजे गाणे एक, आवृत्त्या दोन. झाले! वादाला याहून सकस खाद्य ते काय असणार?

दाढी म्हणाली, पहिलीच खरी. तिच्यात घाई आहे, जान आहे. टोपी म्हणाली, पहिली नुसती गडबड आहे; दुसरी ऐक, बेसचा प्रत्येक सूर मोजून घ्यावा. दाढी म्हणाली, गाणे काय किराणा माल आहे मोजून घ्यायला? डॉक्टर म्हणाला, दोघेही चूक. खरी मजा त्यांनी ते प्रत्यक्ष मंचावर गायले त्यात. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ लावल्या आणि सगळे डोळे मिटून, मान खाली घालून ऐकू लागले.

मी खुर्चीत सावरून बसलो. ती मान, ते मिटलेले डोळे, ते मध्येच वर जाणारे एक बोट! हे मी पाहिले होते. माडी तीच होती. फक्त जिना अमेरिकेत निघाला होता.

मला विचाराल तर दोन्ही आवृत्त्यांतला एक शब्द मला कळला नाही. मी डॉक्टरला हळूच विचारले, “तो काय म्हणतोय?” माझ्या भाबडेपणाची गंमत अशी की, हाच त्यांचा गेल्या चाळीस वर्षांचा वाद निघाला! स्टाइपसाहेब सुरुवातीला शब्द असे पुटपुटत की, ऐकणाऱ्याने आपापल्या वकुबाप्रमाणे अर्थ लावावा. आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर शब्द छापायचे नाहीत. एका ओळीचे या चौघांकडे चार पाठभेद होते आणि चौघेही आपल्या पाठाला ज्ञानेश्वरीच्या प्रतीइतके जपत होते. अखेर १९९८ साली ‘अप’ या अल्बमात त्यांनी प्रथमच सर्व गाण्यांचे शब्द छापले. “तिथून उतरती कळा,” दाढी कडवटपणे म्हणाली.

मला तिचे पटले. आमच्याकडे मोठमोठे ख्यालगायक तासभर गातात, त्यात ‘पिया’ एवढाच शब्द हाताला लागतो; तोही आपल्याला आधीपासून ठाऊक असतो म्हणून. पण म्हणून कुणी बुवांना लेखी द्या म्हटले आहे का?

दुसरा वाद याहून नाजूक निघाला. १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला कार्यक्रम चालू असताना बेरींच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला इजा झाली. शस्त्रक्रिया झाली, ते बरे होऊन परतही आले. पण १९९७ च्या ऑक्टोबरात त्यांनी ताफा सोडला आणि शेती धरली. उरलेल्या तिघांनी पुढे चौदा वर्षे तेच नाव चालवले. ड्रमवाले येत-जात राहिले, पण चौथा भागीदार म्हणून कुणाला घेतले नाही.

टोपीचे म्हणणे, चौथा गेला तेव्हाच ते संपले. पुढचे सगळे सवयीने चालले. डॉक्टर म्हणाला, “असं कसं? घरातलं माणूस गेलं तर घराचं नाव बदलतात का?” दाढी म्हणाली, नाव बदलत नाहीत, पण जेवणाची चव बदलते. मग थोडा वेळ कुणीच बोलले नाही. आमच्या माडीवरच्या चौघांपैकी आता मी एकटाच उरलो आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी चष्मा पुसला. अमेरिकेत धूळ कमी, तरीही पुसला.

आता मात्र अस्मादिकांना राहवेना. मी घसा खाकरला. म्हटले, “मंडळी, तुमचं हे जे चाललंय ना, ते आमच्याकडे १९१३ सालीच होऊन गेलंय.” आणि मी त्यांना सांगितले की, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, पुढे टेंबे गेले, बोडस गेले, तरी पडदा वर जात राहिला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईला बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर उभे राहिले आणि ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले. तो प्रयोग आपण पाहिला असे सांगणारे इतके लोक मला लहानपणी भेटले की, नाटक ग्रँट रोडवरच्या थिएटरात झाले नसून अख्ख्या ग्रँट रोडवर झाले असले पाहिजे.

टोपी उठून उभी राहिली. “अगदी असंच!” ती ओरडली. आर. ई. एम.चा पहिला कार्यक्रम ५ एप्रिल १९८० रोजी अथेन्समधल्या एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये, एका वाढदिवसाच्या मेजवानीत झाला. “आणि मी त्याला हजर होतो असं सांगणारे मला इतके भेटलेत की ते चर्च रोममधलं असायला हवं!”

आम्ही हस्तांदोलन केले. दाढीने माझ्या बशीत आपण होऊन आणखी चिवडा घातला. वरच्या खोलीचा विषय कायमचा निकालात निघाला.

मग निघाली ‘मॉन्स्टर’ची गोष्ट. हा १९९४ सालचा अल्बम. त्याचे निर्माते स्कॉट लिट यांच्या मनात आपण केलेल्या मिश्रणाची रुखरुख राहून गेली होती. २०१९ साली, पंचवीस वर्षे झाली तेव्हा, त्यांनी तो सबंध अल्बम नव्याने मिसळून दिला. ज्यांना पूर्वी आवाज दबलेला वाटे, त्यांना तो उघडा मिळाला. यावरही दोन तट पडले. झालेली चूक दुरुस्त करावी, की ती आता आपलीच झाली म्हणून तशीच ठेवावी?

“पंचवीस वर्षांनी चूक दुरुस्त करता येते, हे मला कुणी आधी बोललं नाही,” मी हिच्याकडे पाहून म्हणालो. मला विनोद करायचा होता.

“येते की,” ही शांतपणे म्हणाली. “त्या कॅसेटचं सांगा ना मग.”

आमच्या हिची स्मरणशक्ती ही एक स्वतंत्र संस्था आहे. तिथे काहीही गहाळ होत नाही.

कॅसेटची हकीकत अशी. १९९१ साली ‘लूझिंग माय रिलिजन’ हे गाणे आमच्या घरात शिरले. नाव ऐकूनच मी हबकलो. मुलाची मुंज होऊन फार वर्षे झाली नव्हती आणि हा धर्म बुडाल्याचे गाणे गातोय! (अमेरिकेच्या दक्षिणेत या शब्दांचा अर्थ संयम सुटणे, डोके ठिकाणावर न राहणे असा होतो, हे मला फार उशिरा कळले. त्या अर्थाने रिलिजन माझाच सुटला होता.) पुढे चिरंजीवांनी रिक्षाचे पैसे वाचवून वाचवून मुंबईहून एक कॅसेट मागवली, ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’. हे नाव अथेन्सच्या एका खाणावळीच्या ब्रीदवाक्यावरून घेतले आहे, हे मला त्या शनिवारी कळले. आधी कळते तर मी जरा आदराने वागलो असतो. खाणावळीतल्या पाट्यांचे वाङ्मयीन मूल्य पुणेकराला वेगळे सांगावे लागत नाही.

तर एका रात्री रेडिओवर नाट्यसंगीत लागले होते. आवाज असा की मी जेवता जेवता उठलो. कोरी कॅसेट सापडेना. टेपरेकॉर्डरमध्ये ही होती. विकतच्या कॅसेटवर आपल्याला काही भरता येऊ नये म्हणून कडेला एक चौकोनी खाच ठेवलेली असते. तिच्यावर चिकटपट्टी लावली की कायदा संपतो. मी पट्टी लावली आणि बटण दाबले. आठ मिनिटांनी ऐन तानेत टेप संपून खट्ट झाले. “या इंग्रजी कॅसेटी मेल्या आखूड,” असे मी वर म्हणालो. चिरंजीव दारात उभे होते. काही बोलले नाहीत. कॅसेट काढून घेतली आणि खोलीत गेले. नंतर ती कॅसेट मी कधी पाहिली नाही, आणि खरे सांगायचे तर विचारलेही नाही.

हे मी त्या चौघांसमोर सांगितले. सांगताना ते मला वाटले होते तितके विनोदी वाटेना. टोपी माझ्याकडे, एखाद्याने देवळाच्या गाभाऱ्यात सायकल नेल्यावर पाहावे, तशी पाहत होती.

चिरंजीव उठून आत गेले. परत आले तेव्हा हातात ती कॅसेट होती. कडेला माझी चिकटपट्टी. पिवळी पडलेली, पण जागच्या जागी.

त्यांच्या घरात कॅसेट वाजवायला यंत्र नव्हते. दाढीच्या जुन्या मोटारीत होते. तेव्हा रात्री साडेनऊ वाजता जॉर्जियातल्या एका सभ्य वस्तीत पुढीलप्रमाणे दृश्य दिसले : एक खटारा मोटार, पुढे दाढी आणि आमची ही, मागे मी, डॉक्टर आणि मांडीवर कॅसेटचा डबा घेतलेले चिरंजीव, आणि खिडकीतून आत डोके घातलेली टोपी. शेजारची बाई कुत्रा फिरवायला निघाली होती, ती कुत्र्यासह परत घरात गेली.

‘मॅन ऑन द मून’ हे गाणे संपले. क्षणभर खरखर झाली. आणि ऑर्गन वाजला.

आठ मिनिटे मोटारीत कुणी हलले नाही. तान वर चढली आणि खट्ट झाले.

पहिला प्रश्न दाढीचा : “गातंय कोण?”

“बालगंधर्व!” मी छातीठोकपणे म्हणालो.

“कसं शक्य आहे काका?” सांगलीचा डॉक्टर म्हणाला. अखेर नाट्यपंढरीचे पाणी! “सलग आठ मिनिटं चाललंय. ७८च्या तबकडीत आठ मिनिटं मावतील कशी? हा नंतरचा कुणीतरी, त्यांची गायकी गाणारा.”

“निवेदिकेनं नाव सांगितलं होतं,” ही पुढच्या सीटवरून म्हणाली. “पण तुम्ही तेव्हा चिकटपट्टी शोधत होतात.”

मी पंचवीस नव्हे, एकतीस वर्षे चुकीच्या माणसाला दाद देत होतो! पण हरल्याचे दुःख करायला सवड मिळाली नाही, कारण टोपीने तबला कोणाचा म्हणून विचारले. त्यावर मी आणि डॉक्टर जे जुंपलो ते गाडीतून उतरेपर्यंत.

सगळे गेल्यावर मी चिरंजीवांना विचारले, “पट्टी काढून दुसरीकडून ती गाणी परत भरून का घेतली नाहीस रे?”

“घेणार होतो,” ते म्हणाले. “राहून गेलं. त्या जागी दोन गाणी होती, ‘नाइटस्विमिंग’ आणि ‘फाइंड द रिव्हर’. अठ्ठ्याण्णव साली इकडे आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात सीडी घेतली. खोलीत एकटाच होतो. ‘मॅन ऑन द मून’ संपलं, पुढचं सुरू झालं, आणि बाबा, मला रडूच आलं.”

“इतकं चांगलं आहे गाणं?”

“चांगलं आहेच. पण रडू त्यानं नाही आलं. ऑर्गन वाजला नाही म्हणून आलं.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नसले की मी पाणी प्यायला उठतो. त्या रात्री मी तीन ग्लास पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे अथेन्सला गेलो. पहिला कार्यक्रम झाला ते चर्च पाहायचे होते. चर्च नाही. १९९० साली पाडले. त्याचे फक्त शिखर, विटांचा एक उंच मनोरा, तेवढा उभा आहे. वाडा पाडून नुसता दिंडीदरवाजा ठेवावा तसा. दाढी म्हणाली, ते चौघे इथे उभे होते. टोपी म्हणाली, इथे नव्हे, तिथे. रिकाम्या जागेत कोण कुठे उभे होते यावर अर्धा तास गेला. शेवटी मीही काठीने जमिनीवर रेघ मारून माझे मत दिले. मला त्यातले काडीचे ठाऊक नव्हते. पण माझ्या मताचा दोघांनीही गंभीरपणे विचार केला, हा या मंडळींचा मोठेपणा.

पुण्याला परतल्यावर मी ती दोन गाणी नीट बसून ऐकली. चिरंजीवांनी फोनवर पाठवली होती. चांगली आहेत. पहिल्यात पियानो आहे, दुसरे वाहत्या पाण्यासारखे जाते. शब्द अर्धेअधिक कळले, म्हणजे उत्तरकाळातली असणार. मी चिरंजीवांना फोन करून तसे प्रामाणिकपणे सांगितले.

“मग?” ते म्हणाले. “कुठली आवृत्ती बरी?”

“आपली,” मी म्हणालो.

पलीकडून ते हसले. मग म्हणाले, “बाबा, तबला कुणाचा, ते मात्र अजून ठरायचंय.”

एरवी आमचा फोन पाच मिनिटांत आटपतो. त्या दिवशी पाऊण तास चालला.